पुरं झाल्याशिवाय

"अवो सुदर्शनभाऊ, उत्तर आलंय म्हंजी काम झालं की! मंग तोंड का उतरलं?" शिरूरच्या एसटी स्टँडमागं सायबर कॅफे चालवणाऱ्या पप्पूनं विचारलं.

सुदर्शननं पडद्यावरचं इंग्रजी तिसऱ्यांदा वाचलं. चित्रांचा प्रोग्राम सांभाळणाऱ्यांच्या चार ओळी, त्याही मेल्या गोड! तुमचं काम उत्तम आहे, पण हेच काम दुसऱ्या दोघांनी मार्चमध्येच पुरं केलं. तुम्ही आधी का कळवलं नाहीत?

चौदा महिने घातले होते त्यानं. चित्रं काढायचा तो प्रोग्राम कुणीही फुकट घ्यावा, कुणीही सुधारावा असा. पण त्याच्या खिडक्या, मेनू, बटणं सगळी जुन्या टूलकिटवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बांधलेली. कॉम्प्युटरच्या नव्या लिनक्स सिस्टीमवर तो धड उघडेना. सुदर्शननं केंदूरच्या घरी, लाइट असेल तेवढ्या वेळात, एकेक बटण उपटून नव्या टूलकिटवर बसवलं. त्यापायी पुण्याची नोकरी सोडली. हाव एकच, प्रोग्राम करणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लागावं.

"आरं मंग आधीच का न्हाई सांगितलं त्यान्ला?" पप्पूनंही तेच विचारलं.

काय सांगणार, कपाळ! घर धनगराचं. आजा घोंगड्या विणायचा. मागावरची अर्धी घोंगडी कुणाला दाखवायची नाही, दृष्ट लागते, ही घरची रीत. बी.एस्सी. झालेल्या या शहाण्यानं ती कॉम्प्युटरलाही लावली. आता दोष द्यायचा तरी कुणाला?

घरी त्याचे वडील, म्हस्कूआबा, ओट्यावर वाट बघत होते.

"आलं का रं त्यांचं पत्र?"

"आलं, आबा."

"घेतलं त्यांनी तुझं काम?"

खरं सांगायचं म्हटलं तर रीतही सांगावी लागली असती, आणि ती आबांनीच शिकवली होती.

"घेतलं," तो म्हणाला.

आबा उठले. हात धुऊन आले, धोतराला पुसले आणि कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. "दाव. तुझं नाव कुठं हाय त्यात?"

सुदर्शननं प्रोग्राम लावला, करणाऱ्यांची यादी उघडली. सगळ्यात खाली त्याचं नाव होतं. त्यानं स्वतःच्याच हातानं टाइप केलेलं, फक्त या एका मशीनवर. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनीही तिथंच बोट टेकवलं.

"आन् ह्ये समद्या दुनियेत असंच दिसतं?"

"व्हय, आबा."

आबांनी बराच वेळ बोट उचललं नाही.