फुकटची सवारी

"एवढंच सांगा, दुर्गाबाई. जीवन नात्यातला, त्याच्या गाडीत फुकट बसलो. त्यापलीकडे एक शब्द नको," तिच्या वकिलाने तिसऱ्यांदा बजावलं.

अमरावतीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दुर्गाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती.

फुकट हा शब्द तिच्या घरात शिवीसारखा होता. तिचे यजमान शेषराव यांचं फुलांचं दुकान. घरच्या देवासाठी दुकानातला हार नेला तरी ते वीस रुपये गल्ल्याच्या डब्यात टाकायचे. म्हणायचे, "देव आपला असन, मनून दुकान फुकटचं झालं काय?"

दीड वर्षामागे अकोल्याला एका साक्षगंधाला, साखरपुड्याला, जायचं होतं. लेकीने, दामिनीने, मोबाइलच्या ॲपवर गाडी बोलावली. जीवन गाडी घेऊन आला आणि पहिलंच बोलला, ताई, ॲपवर कॅन्सल मारा, नगदी द्या, कंपनी लय कापते. सगळेच मारतात, दामिनीनेही मारलं. शेषरावांनी पाय गाडीत ठेवायच्या आधी नोटा त्याच्या खिशात कोंबल्या.

"पयले घे बाप्पा. उतरल्यावर कटकट नको."

गाडी घरगुती, पांढऱ्या पाटीची; भाडं घ्यायचा परवाना नाही. जीवन हसत म्हणाला, पोलिसाने अडवलं तर मी तुमचा भाचा. दुर्गाबाईने डब्यातलं धपाटं काढून त्याच्या हातावर ठेवलं. भाचा झाला तर खाय म्हणाली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी उभ्या ट्रकमध्ये घुसली. शेषराव जागीच गेले. दामिनीचं मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरने आत सळई टाकली. सळई वाकडी बसली. दुसरं ऑपरेशन केलं नाही तर पोरीचा पाय कायमचा गेला, असं डॉक्टरने सांगून ठेवलंय. तोवर ती भिंत धरून चालते.

ॲपवाले म्हणाले, सवारी रद्द झाली होती, म्हणजे ती झालीच नाही. गाडीचे विमावाले म्हणाले, घरची गाडी भाड्याने चालवली, म्हणजे विमा लागू नाही; फुकट बसले असते तर भरपाई मिळाली असती. एकाच्या कागदावर शेषराव गाडीत बसलेच नव्हते. दुसऱ्याच्या कागदावर पैसे देऊन बसले, हाच त्यांचा गुन्हा. हप्ता घेताना मात्र कोणी विचारलं नव्हतं, गाडीत कोण बसतं म्हणून. दोन्ही पत्रांच्या शेवटी दुःख व्यक्त केलं होतं. तेही एकाच साच्यातलं.

पुकारा झाला. लंगडत जीवन जवळ आला. त्याचीही गाडी गेली होती आणि गुडघाही.

"मामी, खरं सांगतलं अन् भरपाई माह्या अंगावर आली, तरी मी राग नाही धरनार," तो म्हणाला. "पन दामिनीचा पाय पाहा."

आत विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, भाडं किती ठरलं होतं? ठरलं नव्हतं, ती म्हणाली. मग कसे बसलात?

"फुकट बसलो."

"तुमचे पतीसुद्धा?"

वर पंखा फिरत होता. एक पातं किंचित वाकलेलं होतं. दुर्गाबाई त्याच्याकडे पाहत राहिली.

"हो," ती म्हणाली. "तेही फुकटच."

न्यायाधीश साहेबांनी टायपिस्टला सांगितलं, मयत इसम विनामोबदला प्रवास करीत होता. टायपिंगची टकटक झाली. खोटं आहे हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. खऱ्याला तिथे जागाच ठेवलेली नव्हती.

"काय लिवलं जी?" तिने विचारलं.

"काही नाही. पिंजऱ्यातून उतरा आता," टायपिस्ट म्हणाला.

पुढची तारीख मिळाली. तिचा वकील म्हणाला, छान बोललात.

संध्याकाळी तिने दुकान उघडलं. झेंडूचे चार हार उरले होते. रोज एक हार शेषरावांच्या फोटोला जातो. तिने कमरेची पिशवी सोडली, वीसची नोट काढून डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मग झाकण पुन्हा उघडून नोट आत आहे ना ते पाहिलं, आणि हार उचलला.