क्रुसापर्यंतची सायकल

मी एक जुनी, काळी, डबल दांडीची सायकल आहे आणि मी मत्सरी आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणारे बहुधा आपले गुण आधी सांगतात. मी माझा दुर्गुण आधी सांगून टाकते, कारण पुढे तो लपणार नाही. वसईजवळच्या उमेळ्यातल्या एका कौलारू घराच्या ओट्याला टेकून मी उभी असते.

माझा सांगाडा दूर कुठल्याशा कारखान्यात जोडला गेला म्हणे. मला आठवतो तो वसईच्या दुकानातला सेबेस्टियन. त्याने माझी दांडी तीनदा पुसली आणि मग दुकानदाराला विचारलं, ‘‘हिच्या कॅरिअरला पावाची टोपली पेलेल ना?’’ सेबेस्टियन पाववाला होता. पहाटे बेकरीतून गरम लाद्या घ्यायच्या आणि उमेळ्यापासून नायगावपर्यंत हिंडायचं. नव्या इमारतींखाली त्याने रबरी भोंगा वाजवला, की वरच्या मजल्यांवरून बायका दोरीला बांधलेल्या पिशव्या खाली सोडत. पोरं ओरडत, ‘‘पाववाल्याची सायकल आली!’’ मला ते फार आवडायचं. फक्त दूधवाल्याच्या सायकलला पितळी घंटी होती आणि तिच्याकडे बघून मी रोज थोडी जळायचे.

सत्त्याण्णव साली एका सकाळी वळणावर पाण्याचा टँकर आमच्या अंगावर आला. टोपली उडाली, पाव रस्ताभर पसरले, माझं मागचं मडगार्ड चेपलं. सेबेस्टियनला खरचटलंसुद्धा नाही. लोक म्हणाले, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन निघाला आणि गल्लीच्या तोंडावर जो दगडी क्रूस आहे तिथे थांबला. त्याच्या तळहातांना घाम फुटला होता, श्वास पुरत नव्हता. तो मागे फिरला. आठवडाभराने त्याला क्रूससुद्धा लांब वाटू लागला. पावसाळा संपेपर्यंत तो ओट्यावरही येईनासा झाला आणि आतल्या खोलीत बसून राहू लागला. माझं मडगार्ड लोहाराने ठोकून सरळ केलं.

दोन वर्षांनी शेजारच्या रामनाथचा पाय कारखान्यातल्या यंत्रात सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला सरकारी अनुदान एका फेरीत मंजूर झालं. वर एका मंडळाने मांडव घालून त्याला तीनचाकी सायकल दिली. हाताने फिरवायची, निळी, पाठीला गादी असलेली. तिला हार घातला, तिच्याबरोबर फोटो काढले. ती शेजारच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला रामनाथच्या पायाचं वाईट वाटायला हवं होतं, पण तेव्हा वाटलं नाही. तिच्या मालकाचं दुखणं साऱ्या गावाला दिसतं आणि माझ्या मालकाला लोक आळशी म्हणतात, एवढंच मला सलत होतं.

सेबेस्टियनची धाकटी बहीण लुईझा वाडीतली केळी आणि भाजी विकून घर चालवायची. चर्चमधल्या आरोग्य शिबिरात एका डॉक्टरांनी तिला सांगितलं, की हा मनाचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. मग तिने शेजाऱ्याचा टेम्पो आणला. भावाला झोपेची गोळी दिली, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि त्याला ठाण्याच्या इस्पितळात नेलं. तिथून अपंगत्वाचा दाखला मिळाला आणि गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांत तो ओट्यावर येऊन बसू लागला. एके दिवशी त्याने माझी चेन तेल घालून साफ केली. आणि एका संध्याकाळी तो माझ्यावर बसला नि आम्ही क्रुसापर्यंत जाऊन आलो. मी आनंदाने वेडी झाले होते.

पण गोळ्या दर महिन्याला लागत आणि केळी विकून त्या भागत नव्हत्या. म्हणून लुईझाने अनुदानासाठी अर्ज केला. ते मिळालं नाही तर गोळ्या बंद, आणि गोळ्या बंद म्हणजे पुन्हा ती आतली खोली. हे घरात सगळ्यांना कळत होतं, मलाही.

चौकशीला तलाठी येणार असं समजलं आणि आमच्याकडून मोठी चूक झाली. घरी सरकारी माणूस येतो म्हणजे पाहुणाच, असं लुईझाला वाटलं. तिने अंगण सारवलं. भावाला आंघोळ घातली, दाढी करायला लावली, रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचा इस्त्रीचा शर्ट दिला.

‘‘बसा, भाऊसाहेब. पानी आनू?’’ ती म्हणाली.

‘‘पानी काय देतेस? मी सोडा आनतो,’’ सेबेस्टियन म्हणाला. दुकान क्रुसाच्या अलीकडेच होतं.

तो माझ्यावर बसला. शेजारच्या अंगणातून ती निळी बघत होती. मित्रांनो, त्या दिवशी मी किती तोऱ्यात गेले, काय सांगू! सोडा आला. भाऊसाहेबांनी दोन प्रश्न विचारले, त्याने खाली बघून नम्रपणे उत्तरं दिली आणि भाऊसाहेब गेले. महिनाभराने कागद आला. लुईझाने तो ओट्यावर उभ्याने वाचला: ‘अर्जदार धडधाकट असून स्वतः सायकल चालवितो. सबब अर्ज नामंजूर.’ सरकारी कागदावर माझा उल्लेख पहिल्यांदाच आला होता, आणि तो असा.

लुईझा दाद मागायला वसईच्या कचेरीत गेली. परत आल्यावर पाय धुता धुता ती रामनाथला सांगत होती, ‘‘ते बोलले, सुनावनीला त्याला घेऊन ये. मी बोलले, साहेब, तो इथवर येऊ शकला असता तर मी कशाला आले असते? तर म्हनतात, मग गैरहजर म्हनून प्रकरन बंद होईल.’’

रामनाथला अर्ज लिहिता येत असे. त्याने कागद मांडीवर घेतला. ‘‘काय लिहू?’’

‘‘लिहा, की माझा भाऊ सायकल चालवतो ते खरं हाय. कुठवर चालवतो ते कोनी विचारलं नाय. त्याला क्रुसाच्या पुढे नेऊन बघा.’’

तो अर्ज कोणीतरी नीट वाचला असावा. पुन्हा चौकशी होणार आणि या वेळी नायब तहसीलदार विनिता मॅडम स्वतः येणार, असं पत्र आलं. त्या सकाळी रामनाथ आपली तीनचाकी थेट आमच्या ओट्याशी घेऊन आला.

‘‘सेबू, आजच्या दिवस माझ्या गाडीत बस. मी आत खाटेवर पडून राहतो. सायकल मागे टाक. दिसल्याबिगर या लोकांना पटत नाय.’’

माझा मालक, आणि तिच्या गादीवर! मत्सराने मी जळून गेले. सेबेस्टियनने लुईझाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत राहिली. त्याने हो म्हणावं असं तिला वाटत होतं.

‘‘मला पाय हायेत, रामनाथ,’’ तो म्हणाला. ‘‘तुझा गेला, तो माझा म्हनून कसा दाखवू? सायकल हाय तिथेच राहू दे.’’

मॅडम आल्या आणि थेट माझ्यापाशीच थांबल्या. ‘‘ही कोणाची?’’

‘‘माझी.’’

‘‘कुठपर्यंत जाता?’’

‘‘क्रुसापर्यंत.’’

‘‘आणि पुढे?’’

त्याने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. ‘‘माझ्याबरोबर चालाल थोडं?’’ मॅडमनी विचारलं. लुईझा मागून म्हणाली, ‘‘हलू हलू न्या, मॅडम.’’

त्याने मला हातात धरून चालत नेलं. क्रुसापर्यंत तो मॅडमना पावाच्या धंद्यातल्या गोष्टी सांगत होता. क्रूस आला आणि बोलणं तुटलं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं. माझ्या मुठी त्याच्या घामाने ओल्या झाल्या. त्याच्या हातांत माझं ठोकलेलं मडगार्ड खडखडू लागलं. मग तो रस्त्यातच बसला आणि मी त्याच्या अंगावर पडले. मॅडम फाइलसकट धुळीत त्याच्या शेजारी बसल्या.

‘‘परत जाऊ या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बघितलं मी.’’ त्याला मला धरवत नव्हतं, म्हणून माझं हँडल धरून त्यांनीच मला घरी आणलं. ओट्यावर बसून त्यांनी अहवाल लिहिला आणि लुईझाला वाचून दाखवला: ‘सायकल चालवितो. क्रुसाच्या पुढे स्वतः जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष पाहिले.’ दोन महिन्यांनी अनुदान मंजूर झालं. गोळ्या थांबल्या नाहीत.

आता शेवटचं सांगते, आणि ते सांगताना मला अजून त्रास होतो. पुढच्या वर्षी रामनाथला कचेरीत हयातीचा दाखला द्यायचा होता, आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता. आमच्या ओट्यासमोरच त्याच्या गाडीची चेन तुटली. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सेबेस्टियन उठला. त्याने माझ्या हँडलला हात लावला, मग मला तशीच भिंतीला टेकवली आणि त्या निळीच्या पाठीला दोन्ही हात देऊन ढकलायला लागला. मला वाटलं, क्रुसाशी थांबेल. रामनाथ मागे वळून त्याच्याशी काहीतरी बोलत होता. ते क्रुसाच्या पुढे गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले.

इतकी वर्षं मी त्याची वाट पाहिली होती आणि तो गेला तिच्याबरोबर. मी भिंतीला टेकून जळत राहिले. तासाभराने तो एकटा चालत परत आला, शर्ट घामाने चिंब. ‘‘लुईझा, मी रिक्षास्टँडपर्यंत गेलो,’’ तो म्हणाला. लुईझा पायरीवर बसून रडायला लागली. मग मलाही बरं वाटलं, पण आधी जळलेच.

मित्रांनो, ज्याचं दुखणं दिसत नाही त्याला ‘दाखव’ म्हणू नका. त्याच्याबरोबर चार पावलं चालून बघा. आणि तुमच्या ओट्याला माझ्यासारखी कोणी टेकलेली असेल, तर महिन्यातून एकदा तिच्या चाकांत हवा भरा. एखाद्या सकाळी तिच्या माणसाला पुढे जावंसं वाटलं, तर निदान तिच्यामुळे त्याला मागे फिरावं लागू नये.