नऊ चौतीसचा मेसेज

तुम्ही खोटं बोललात. एकदा नाही, चार वेळा, आणि दर वेळी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून. "लाईन आमच्याकडून ओके आहे, प्रॉब्लेम तुमच्या घरात आहे." हे वाक्य तुम्ही माणसांकडून घोकून घेता, की गळ्यात ओळखपत्र अडकवलं की आपोआप तोंडात येतं?

मी वायरमन. अडतीस वर्षं लोकांच्या भिंती खोदल्या. शाळा सातवीत सुटली, पण टेस्टर लावल्याशिवाय बोलू नये एवढं शिकलो. म्हणून आधी माझ्या घरातली खोट सांगतो, मग तुमची.

घर सरळ आहे. पुढे बैठकीची खोली, तिथे तुमच्या कंपनीचा इंटरनेटचा राउटर. मध्ये स्वयंपाकघर. मागे एक खोली, मुलाच्या लग्नात मी बांधून घेतलेली. मुलगा बोटीवर इंजिन सांभाळतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. मागच्या खोलीत सून एकटी. ती डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी कानाला हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करते. सात महिने शिकली तेव्हा कुठे हे काम मिळालं. मध्येच आवाज तुटला, की काम देणाऱ्यांना तिकडे दिसतं, बाई जागेवर नाही. असं होऊन तिला दोन ताकिदी आल्या. तिसऱ्यांदा सरळ परीक्षा: गुरुवारी दहा ते अकरा, स्क्रीनवर समोर माणूस बसवून. त्या तासात लाईन तुटली तर काम गेलं.

खरं सांगतो, पहिला संशय मी सुनेवरच घेतला. दाराआडून हसू ऐकू यायचं. आमची ही म्हणाली, नवऱ्याशी बोलत असेल, बोटीवरून आठवड्यात दोनदा फोन लागतो, तेवढंही हसू नये का तिनं? तरी माझा संशय काही गेला नाही. मग वरच्या भाडेकरूवर घेतला. पासवर्ड बदलला. भाडेकरूचं काही अडलं नाही, आमचंही सुधारलं नाही.

मग तुमचा माणूस आला. आम्ही त्याचं नाव 'शंभर टक्के' ठेवलं, कारण काहीही विचारा, तो तेच म्हणतो. त्याने राउटरपाशी मोबाइल धरून वेग दाखवला. नव्वद. मागच्या खोलीत सहा. "काका, भिंती जाड आहेत. एक्स्टेंडर घ्या, सिग्नल पुढे ढकलतो. शंभर टक्के चालणार." घेतला. त्याने तो सुनेच्या टेबलाशेजारीच लावला. मोबाइलवर काड्या पाचच्या पाच, आणि पान उघडायला तेवढाच वेळ. मी म्हटलं, अरे, जिथे पाणीच पोचत नाही तिथे बादली ठेवून काय उपयोग? या काड्या एक्स्टेंडर आणि लॅपटॉपमधल्या. राउटर ते एक्स्टेंडर काय पोचतं ते बोल. मग मीच तो उचलून स्वयंपाकघराच्या दारावर लावला. सहाचे तेरा झाले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटलं.

मधल्या दोन खेपांत तेच ऐकवून चौथ्या खेपेला त्याने पॉवरलाइन सुचवलं. दोन डबे. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरा मागच्या खोलीत, आणि इंटरनेट घरातल्या विजेच्या वायरीतून जातं. मला आवडलं. वायर म्हणजे माझा प्रांत. दोन्ही डबे थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावले, एक्स्टेन्शन बोर्डात नाही. दोन दिवे लागले. तिसरा, दोन डब्यांची गाठ पडल्याचा दिवा, लागलाच नाही.

शंभर टक्केनं डोकं खाजवलं आणि पहिल्यांदाच कामाचं काहीतरी विचारलं. "काका, मागची खोली वेगळ्या मीटरवर तर नाही?"

मी नाही म्हणालो.

हिनं ओट्यापाशी उभ्या उभ्या माझ्याकडे पाहिलं. तो गेल्यावर म्हणाली, "अहो, मीटर काय मी बसवला होता का?"

तर ती गोष्ट अशी. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, येणारी कशी निघेल कुणास ठाऊक. इस्त्री चालू ठेवून झोपेल, गिझर तासन्‌तास लावेल, मग रोजची कुरबुर. म्हणून मागच्या खोलीला वेगळा मीटर घेतला, लाईन थेट बाहेरून नेली, पुढच्या घराशी कुठेच जोडली नाही. घरात सांगितलं, जुन्या लाईनला लोड झेपणार नाही. वायरमननं लोड झेपत नाही म्हटल्यावर कोण वाद घालणार? मुलानं मान डोलावली. सहा वर्षं ते खोटं भिंतीत गाडलेलं होतं, आणि आता डब्याचा तिसरा दिवा ते खोदून काढत होता. दोन मीटरच्या मधून तुमचं ते पॉवरलाइन पार होत नाही.

मंगळवार होता. मध्ये फक्त बुधवार. मी सुनेला बोलावलं आणि जसं आहे तसं सांगितलं. तुझ्यावर तू येण्याच्या आधीच संशय घेतला होता, म्हणून लाईन तोडून ठेवली.

तिनं टेबलाची कड नखानं खरवडली. मग म्हणाली, "बाबा, माझे वडील विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. एका खोलीचा लोड किती असतो ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

हिनं तेवढ्यात मला चिमटा काढलाच. म्हणे, सहा वर्षं वाट बघणारी माणसं हल्ली मिळत नाहीत, जपून ठेवा.

बुधवारी सकाळी मी डबे आणि एक्स्टेंडर दोन्ही काढले. ड्रिल घेऊन दोन भिंतींना भोकं पाडली, स्वयंपाकघराच्या वरच्या कडेनं केबल झाकायची केसिंग पट्टी ठोकली आणि राउटरपासून सुनेच्या टेबलापर्यंत सलग केबल ओढली. शिडी तिनं धरली. दुपारी चाचणी घेतली. मागे नऊ. पुढे राउटरलाच लॅपटॉप जोडून पाहिलं. पुढेही नऊ.

सून म्हणाली, "आता निदान दोन्ही खोल्यांत सारखंच वाईट आहे."

ऐका, तुमच्याबद्दलचं इथून सुरू होतं. माझी खोट काढून टाकल्यावर जी उरली ती तुमची. मग आठवलं की शंभर टक्के येतो तेव्हा राउटरपाशी हमखास नव्वद असतात. हिनं कॅलेंडरच्या मागे तक्रारीचा दिवस आणि वेळ लिहून ठेवली होती, आणि सुनेकडे काम तुटल्याच्या वेळा होत्या. दोन्ही शेजारी ठेवलं. चारही वेळा तेच. तक्रार नोंदवली की अर्ध्या-पाऊण तासात लाईन सुरळीत. तुमचा माणूस दुपारी येणार, नव्वद दाखवणार, भिंतीला नाहीतर आम्हाला दोष देणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ.

ही म्हणाली, डॉक्टर दारात आला की दुखणं पळतं, तसं असेल.

दुखणं पळत नाही, कुणीतरी पळवतं आणि परत आणून सोडतं. मला हे ओळखू येतं, कारण सहा वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. ज्याला तपासता येत नाही त्याच्यासमोर धंद्यातला शब्द फेकायचा आणि त्याच्याच घराला नावं ठेवायची. धंद्यातलं खोटं ओळखायला धंद्यातलाच लागतो.

गुरुवारी नऊ वाजता लाईन आठवर होती. सुनेचा चेहरा उतरलेला. नऊ वाजून दोन मिनिटांनी मी तक्रार नोंदवली. लाईन बंद वगैरे थापा मारल्या नाहीत, संथ आहे एवढंच सांगितलं. मग आम्ही तिघं राउटरसमोर बसलो. नऊ वाजून चौतीस मिनिटांनी मोबाइल वाजला: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' कोणी आलं नव्हतं. कोणी काही विचारलं नव्हतं. सुनेनं वेग मोजला. एक्क्याण्णव.

दहाला ती आत गेली. मी केबलला कोणाचा पाय लागू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. अकरा वाजून पाच मिनिटांनी ती बाहेर आली, हेडफोन गळ्यात, आणि म्हणाली, "झालं. ठेवलं त्यांनी." हिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी मागचा प्लग उगाच तपासत बसलो.

बाराला शंभर टक्के आला. मी त्याला खुर्ची दिली नाही, मेसेज दाखवला. म्हटलं, तू आत्ता येतोयस, मग साडेनऊला काय सोडवलंस? त्यानं जिन्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "काका, मला वरून जे सांगतात ते मी बोलतो." शंभर टक्के म्हणाला नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही.

शुक्रवारी सकाळी लाईन पुन्हा नऊवर आली. मी तक्रार केली, पावणेदहाला नव्वद झाले. सून आता रोज कामाला बसते, आणि मी रोज नऊला तुम्हाला फोन करतो, पंप चालू करावा तसा.

माझं खोटं मी माझ्या सुनेसमोर बसून कबूल केलं, आणि त्यासाठी दोन भिंती फोडल्या. आता तुमची पाळी. गुरुवारी नऊ वाजून दोन ते नऊ वाजून चौतीस, या बत्तीस मिनिटांत तुमच्याकडे कोणाचा हात कुठल्या बटणावर गेला? आणि त्याआधी तेच बटण खाली कोणी केलं होतं? लेखी कळवा. माणूस पाठवू नका.