शहरात घड्याळ एकच

चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्लीवाल्या आजोबांनी एकतीस वर्षं किल्ली दिली. त्या घड्याळावर ट्राम सुटायच्या, बँका उघडायच्या. पुढे ट्राम गेल्या, उड्डाणपूल आला. पुलाच्या आड येतो म्हणून मनोरा पाडला आणि घड्याळ नदीपलीकडच्या बस टर्मिनसवर नेऊन बसवलं. त्यालाही बारा वर्षं झाली. पण चौकातली माणसं महाहट्टी! अजून ‘घड्याळापाशी भेटू’ म्हणतात आणि पुलाच्या खांबाशी येऊन उभी राहतात. आजोबा तर त्यांचे म्होरके. पालिकेने रस्त्याला नवं नाव दिलं, दारोदार नंबराच्या पाट्या ठोकल्या, तेव्हा यांनी आपली पाटी उचकटून आत आणली.

“मी काय कैदी आहे, नंबर लावून घ्यायला?”

“अहो, उद्या कुणाला घरी बोलवायची वेळ आली म्हणजे?” आजी म्हणाल्या. टपाल, बिलं सगळं त्याच बघायच्या. त्यांनी पाटी पुसून कुठेशी जपून ठेवली.

मंगळवारी भर दुपारी भाजी चिरता चिरता आजी छाती धरून खाली बसल्या. आजोबांनी अँब्युलन्सला फोन लावला.

“पत्ता सांगा, काका.”

“घड्याळाला लागून, दुसरा मजला.”

“कुठलं घड्याळ?”

“कुठलं म्हणजे? शहरात घड्याळ एकच आहे! लवकर पाठवा हो!”

थोड्या वेळाने भोंगा ऐकू आला. गाडी पुलावरून अगदी खिडकीसमोरून आली. आजोबांनी टॉवेल हलवला, घसा फोडून हाका मारल्या. गाडी तशीच नदीकडे निघून गेली.

मग ड्रायव्हरचा फोन आला. “आजोबा, मी घड्याळाखाली उभा आहे. इथे नुसत्या बसच आहेत. तुम्ही कुठे?”

“अरे बाबा, ते नव्हे! पूर्वी होतं तिथे, पुलाला लागून!”

“पूल केवढा लांब आहे, मी नवीन आहे हो इथे. रस्त्याचं नाव सांगा.”

जे नाव तोंडातून काढायचं नाही असं बारा वर्षांपूर्वी ठरवलं होतं, ते आता काही केल्या आठवेना. त्यांनी कपाट उपसलं, लुगड्यांच्या घड्या विस्कटल्या, पाटी सापडली नाही. खिडकीतून ओरडले, पण खालच्या रहदारीत कुणी मान वर केली नाही. शेवटी ते आजींचा हात धरून फरशीवर बसून राहिले. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

टर्मिनसवरच्या कुणा म्हाताऱ्याला विचारत विचारत गाडी पोचली, तोवर पाऊण तास गेला होता. डॉक्टरने नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि आजींचा हात हळूच खाली ठेवला. मग कागद काढला.

“पत्ता लिहावा लागेल, आजोबा. घर नंबर?”

आजोबा सवयीने आजींकडे वळले.

“अगं, नंबर काय गं आपला?”