चतुराबाईंचा तिसरा डोळा

मित्रांनो, मी एक जुना फोटो प्रिंटर आहे आणि मला जवळजवळ सगळ्याच गोष्टींची किळस येते.

आधी असं नव्हतं. खोक्यातून निघालो तेव्हा मी फार हौशी होतो. परतवाड्याला बसस्टँडसमोर किशोरभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांनी मला अमरावतीहून आणलं, हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी सरळ माझ्या अंगावर शिंपडलं. विजेच्या यंत्रावर पाणी उडवून त्याला दीर्घायुष्य चिंतणारी ही माणसं आहेत, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पण ते दिवस चांगले होते. किशोरभाऊ फोटो काढायचे, त्यांच्या पत्नी साधनाताई संगणकावर रंग नीट करायच्या आणि मी छापायचो. धारणीहून आलेल्या माणसाचा चहा संपेपर्यंत त्याचा फोटो त्याच्या हातात. लोक म्हणायचे, "वा, मानूस जसाच्या तसा उतरला!" मी मनातल्या मनात फुगायचो.

जसाच्या तसा उतरवण्यात एक त्रास असतो. वाढदिवसाला तोंडभर केक फासून घेणाऱ्यांचे फोटोही मलाच छापावे लागले. एकाच्या नाकपुडीतलं क्रीम मी आठ रंगांची शाई खर्चून हुबेहूब उतरवलं. त्याने ते फ्रेम करून घेतलं. शी!

मग अकोल्याच्या एका लॅबचा माणूस नमुन्याचा अल्बम घेऊन आला. मी खोटं बोलणार नाही. लॅबचा कागद चांगला, पानं एकसारखी, रंग टिकाऊ. अख्ख्या लग्नाचा अल्बम माझ्याकडून काढायचा म्हणजे बकरीला नांगराला जुंपण्यासारखं. अल्बम लॅबला गेले, ते बरोबरच झालं. पण हळूहळू सुटे फोटोही जाऊ लागले. इकडून इंटरनेटवर फोटो पाठवायचा, तिकडून सकाळच्या बसने पाकीट यायचं. लॅबच्या अर्जात 'आपोआप सुधारणा' असा एक चौकोन होता. किशोरभाऊंनी त्यावर एकदा खूण ठोकली ती ठोकलीच. वाचलं कोणी नाही.

"अवो, एखांदा फोटो घरच्या मशीनवर बी काढत जा. शाई वायते त्याची," साधनाताई म्हणायच्या.

"वायू दे. लॅब हाय नं."

"लॅबवाल्याचं जितकं ऐकता, तितकं माह्या बापाचं ऐकलं असतं तं बरं झालं असतं."

मग शाई खरंच वाळली. माझं झाकण म्हणजे टेबल झालं. किशोरभाऊ माझ्यावर दह्यातला गिलावडा ठेवून खायचे. मित्रांनो, दह्याचा ओघळ कागदाच्या फटीतून आत उतरतो तेव्हा काय वाटतं, हे तुम्हाला कधीच कळू नये.

अशात एका सकाळी जवळच्या खेड्यातले नत्थुजी आले. त्यांची बायको चतुराबाई वारली होती आणि त्याच दुपारी तेरवी होती. हातात तेरवीच्या सामानाची पिशवी. चतुराबाईंचा मोठा फोटो नुकताच बसने आला होता. किशोरभाऊंनी पाकीट न उघडताच त्यांच्या हातात दिलं. नत्थुजींनी ते उघडलं आणि बराच वेळ पाहिलं.

"किशोरभाऊ, हे बाई कोन होय?"

"तुमची बाई होय नं, नत्थुजी."

"माही बायको इतकी गोरी कवा झाली? अन् कपायावर कायी टिकली काहून?"

किशोरभाऊंनी खाता खाता गिलावडा माझ्यावर ठेवला आणि वाकून पाहिलं. चतुराबाई कपाळभर लालभडक कुंकू लावायच्या. फोटोत ते कोळशासारखं काळं होतं, विधवेच्या टिकलीसारखं.

"म्हंजे मेलं कोन? ते का मी?" नत्थुजींचा आवाज चढला. "हा फोटो मांडला तं लोक हार मलेच घालतीन!"

किशोरभाऊंनी लॅबला फोन लावला. तिकडचा माणूस आरामात म्हणाला, "फोटोत कधी कधी डोळे लाल येतात नं भाऊ, ते मशीन काळे करते. कुंकू तिले डोळाच वाटला असन. दुसरा काढतो, उद्या सकाळच्या बसने भेटते."

"अन् तेरवी काय उद्या ठेवू?" नत्थुजी मटकन खुर्चीत बसले. राग गेला होता, डोळे भरले होते. "माह्याजवळ तिचा दुसरा फोटोच नाई, बाप्पा."

साधनाताईंनी माझ्यावरचा गिलावडा उचलला आणि संगणकातला मूळ फोटो माझ्याकडे पाठवला.

पहिल्या कागदावर चतुराबाई हिरव्या आल्या. माझा गुलाबी रंग वाळला होता. किशोरभाऊंनी माझं तोंड कोमट पाण्याच्या फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. मी खोकलो, थुंकलो, शेवटी एक कागद बाहेर टाकला. सावळा चेहरा बरोबर आला. हनुवटीवरचं गोंदण आलं. पण कुंकू भरपूर लाल मागतं, आणि तेवढं माझ्यात नव्हतं. तिथे एक फिकट पिवळा ठिपका पडला.

लॅबला दिला तर काळं, घरी काढला तर पिवळं.

नत्थुजींनी पिशवीत हात घातला, कुंकवाची पुडी फोडली आणि बोट बुडवलं.

"नत्थुजी, थांबा, शाई ओली हाय!" किशोरभाऊ ओरडले.

पण बोट टेकलं होतं. ओल्या शाईत कुंकू बसलं, चांगलं कपाळभर.

"आता होय हे," नत्थुजी म्हणाले.

तेव्हापासून अल्बम लॅबला जातात, पण चौकोन रिकामा ठेवून, आणि आलेलं पाकीट आधी साधनाताई उघडतात. सुटे फोटो माझ्यावर निघतात. शाई वाळू नये म्हणून रोज सकाळी मला एक लाल गोल छापावा लागतो. आठ रंगांचं यंत्र आणि काम टिकल्या पाडायचं! असो.

मित्रांनो, काम बाहेर खुशाल द्या, पण आलेलं डोळ्यांनी पाहा. आणि घरच्या यंत्राला रोज थोडं चालवा. त्याच्यावर खाऊ नका.

बाजाराच्या दिवशी नत्थुजी डोकावतात. "कुंकू अजून तसंच हाय," सांगतात आणि माझ्या झाकणावर हात ठेवतात. हाताला तंबाखू असते, ती माझ्यावर सांडते. साधनाताई फडकं उचलतात तेव्हा मी मनात म्हणतो, राहू द्या.