दीपगृहावरच्या मुलीला उत्तर

बोर्गहिल्ड न्यूमून यांची कागदपत्रं आमच्या बोडो शहरातल्या अभिलेखागारात आली ती केळ्यांच्या सात खोक्यांतून. बाई रेडिओवरच्या शालेय कार्यक्रमासाठी पाठ लिहायच्या आणि स्वतःच वाचायच्या. त्यांची भाची हेर्दिस खोकी ठेवताना म्हणाली, "टाकूनच देणार होते. पण मावशीचं अक्षर बघितलं आणि हात धजेना."

यादी करायला मला दोन हिवाळे लागले. ती वेबसाइटवर चढली आणि महिन्याभरात गुरो नावाच्या ऐंशी उलटलेल्या बाई चार तास बोटीत बसून आल्या. हातात वाफल्सचा डबा.

"यादीत 'मुलांची पत्रं, १९५३' असं आहे. त्यात माझं असेल का गं?"

गुरोआजींचे वडील दीपगृह सांभाळायचे. बेटावर दुसरं पोर नव्हतं. शिकवायला आई, आणि आठवड्यातून दोनदा रेडिओवरच्या या बाई.

पत्र सापडलं. शिसपेन्सिलीचं मोठं, तिरकं अक्षर: "धुक्याच्या रात्री पक्षी आमच्या दिव्यावर आपटून मरतात. सकाळी मी गोळा करते. काल एकेचाळीस होते. माझे बाबा त्यांना मारतात का?"

"उत्तर आलंच नाही," आजी म्हणाल्या. "मग मीच ठरवलं, 'हो' असणार, म्हणून बाई गप्प आहेत. हिवाळाभर बाबांशी धड बोलले नाही. कारणही सांगितलं नाही. पुढे सगळं सुरळीत झालं, पण मनातलं गेलं नाही हो."

मी पत्र उलटलं. मागे लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: उत्तर, २३ नोव्हेंबरचा पाठ.

"नोव्हेंबर?" आजी ताठ बसल्या. "तेव्हा आमच्या रेडिओची बॅटरी संपली होती! नवी नाताळात आली."

मी धावतच त्या पाठाची फाइल आणली. त्यांचा चष्मा सारखा धुरकटत होता, म्हणून मीच वाचलं.

"'दीपगृहावरच्या एका मुलीने विचारलंय. नाव सांगत नाही, तिला कळेल. नाही गं बाळ, तुझे बाबा पक्ष्यांना मारत नाहीत. धुक्यात तारे दिसेनासे होतात, म्हणून पक्षी दिव्याकडे ओढले जातात. दिवा विझवला, तर माणसं खडकावर आपटतील. तुला वाईट वाटतं ते खरंच आहे. बाबांनाही वाटत असेल. त्यांना विचारून बघ.'"



"पहाटे बाबा माझ्याआधी खाली उतरायचे. टोपली घेऊन," आजी हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, लपवतायत. अगं, मला कमी दिसावेत म्हणून उचलायचे!"

त्यांनी पाठाच्या कागदावर अलगद तळहात ठेवला. जुन्या कागदांना असा हात लावू द्यायचा नसतो; मला टोकायला हवं होतं. मी टोकलं नाही.

"बाईंचे आभार मानायचे राहिले," त्या म्हणाल्या. "भाचीचा नंबर देतेस?"

आम्ही बाहेर व्हरांड्यात गेलो. मी फोन जोडून दिला.

"मी गुरो. तुम्ही मला ओळखत नाही," आजींनी सुरुवात केली, "पण तुम्ही खोकी टाकली नाहीत ना, त्याबद्दल बोलायचंय." आणि पत्रापासून टोपलीपर्यंत सगळं सांगितलं.

पलीकडून हेर्दिसचं नाक ओढणं मलाही ऐकू आलं. "मावशी विचारायची," ती म्हणाली, "त्या मुलीने ऐकलं असेल का, म्हणून. कितीदा तरी!"

"ऐकलं म्हणावं. आज."

मग गुरुवारच्या बोटीने कोणी कोणाकडे यायचं, यावर दोघींची जुंपली. मी वाफल्सचा डबा उघडला.