पिवळीचं डोहाळजेवण

पिवळीनं दाण्याकडे पाठ फिरवली आणि शालिनीच्या जिवात जीव आला.

टाकीतले बाकीचे मासे दाण्यांवर तुटून पडत होते. ही एकटी दगडाच्या आडोशाला उभी. गळ्याखाली पिशवीसारखी फुगलेली, ओठ घट्ट मिटलेले. मिलच्या इंजिनिअरसाहेबानं शहर सोडताना ही टाकी लक्ष्मणला देऊन टाकली होती, आणि सुरतेला जाताना लक्ष्मणनं ती बायकोच्या हवाली केली होती. तेव्हा तो म्हणाला होता,

"आफ्रिकेकडची जात आहे शालू. अंडी तोंडातच धरते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत. तोवर अन्नाचा कण घेत नाही. खाताना दिसली की समजायचं, एकतर पिल्लं सोडली, नाहीतर घाबरून अंडी गिळली." मग खांद्यावर थैली घेत, उंबऱ्यातून, "पिल्लं झाली की कळव. बघायला येईन."

त्याला दुसरी दिवाळी उलटून गेली होती. मिल बंद पडली, तेव्हा साचेखात्यातला हा जॉबर, मागांवरच्या कामगारांचा मुकादम, ज्याच्या एका हाकेला अख्खी पाळी हलायची, दुसऱ्याच्या पॉवरलूमवर साधा कामगार म्हणून उभा राहिला. घरी, परदेशीपुऱ्याच्या चाळीत असं परत येणं त्याला जिवावर यायचं. फोनवर म्हणायचा, सुट्टी नाही, गाडीला गर्दी फार. तीही 'या' म्हणायची नाही. जेवता ना वेळेवर, एवढंच विचारायची. मग तो विचारायचा, पिवळी कशी आहे? लेक उज्जैनला नांदत होती, घरात दुसरं बोलायला कुणी नव्हतं. नवरा-बायकोचा सगळा संसार आता त्या मासोळीच्या तोंडात येऊन बसला होता. याआधी तिनं अंडी धरली होती, आणि गिळलीही होती.

आनंद लपवता येईना. शेजारच्या वसुंधराकाकूंना शालिनीनं सांगून टाकलं.

"काय सांगते! पोटुशी?"

"पोटात नाही हो काकू, तोंडात."

"तेच ते. आणि तू तिला उपाशी ठेवलीस? क्यों री, मासोळी झाली म्हणून काय झालं!"

"ती आपणहून खात नाही."

"आधी सगळ्याच नाही म्हणतात. मी पण म्हणत होते. सासूनं गराडूचे कंद तळले तर थाळी साफ! ते काही नाही, हिचं डोहाळजेवण करू."

शालिनीनं नको म्हणायला हवं होतं. पण मिलचा भोंगा बंद झाल्यापासून चाळीत ढोलक निघाली नव्हती. तिच्या घरी कुणी नटून-सजून येऊन कितीतरी काळ लोटला होता. ती नुसती हसली, आणि काकूंनी तेच हो धरलं.

चार वाजता बायका जमल्या. टाकीला मोगऱ्याचा गजरा बांधला, काचेला हळदीकुंकू लावलं. केळीच्या पानाखाली दोन वाट्या झाकल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी.

"आता हिला हात कुठे आहेत वाटी उचलायला?"

"मी उचलते हिच्या वतीनं," म्हणत काकूंनी पान सरकवलं. "बर्फी! मुलगी आहे जी!"

"एक कसली काकू, वीस-पंचवीस निघतील!"

"अगं बाई! मग एवढ्यांची लग्नं कोण करणार?"

घर हसण्यानं भरून गेलं. शालिनीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टाकीच्याच टेबलाला टेकवून कुणी तरी ढोलकीवर थाप मारली, आणि काकूंनी तिथल्या तिथे ओवी जुळवली,

*तोंडी धरला गं जीव, कशी बोलू सईबाई,*
*बोलायाला तोंड उघडू, जीव सांडूनिया जाई*

थापेसरशी पाणी थरथरत होतं. पिवळी एकदा काचेवर आदळली, दगडामागे गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत गेली. शालिनी टाळ्या वाजवत होती. तिला ओवीच ऐकू येत होती.

गाणं संपलं. काकूंनी बेसनाचा लाडू चुरून चिमूटभर पाण्यात सोडला. "घे माझी बाई, एक घास घे."

पिवळी दगडामागून आली. सरळ वर आली आणि तिनं घास घेतला. मग दुसरा. मग आणखी.

"खाल्लं! खाल्लं! बघ, मी म्हणत नव्हते?"

बायकांनी टाळ्या पिटल्या. शालिनी काचेशी वाकली. पिवळीचा गळा सपाट झाला होता. तळाच्या वाळूवर काही नव्हतं, पाण्यात काही नव्हतं. काकूंचा चेहरा असा उजळला होता, की तिला सांगवेना. तिनं सगळ्यांना सेव-पोहे दिले, ओट्या भरल्या, दारापर्यंत पोचवलं. मग चपला घालून कोपऱ्यावरच्या नानाच्या एसटीडी बूथवर गेली.

सुरतेच्या कारखान्यात कुणी तरी लक्ष्मणला हाक मारली. मागे लूमचा खडखडाट.

"झाली का पिल्लं?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

हो म्हटलं असतं तर तो उद्याच्या गाडीत बसला असता. ते हो तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही झाली. गिळली तिनं. माझीच चूक. घरात ढोलक वाजू दिली."

"असू दे," तो म्हणाला. "पुढल्या खेपेला..."

"पुढली खेप नको. तुम्ही या."

"पिल्लं नाहीत तरी?"

"पिल्लं नाहीत तरी."

"शालू, चाळीतले विचारतील. मी काही जॉबर नाही आता."

"मी जॉबरला नाही बोलावत."

नाना उगाच दुसरीकडे बघत काउंटर पुसू लागला.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मासोळीचंच विचारायचात."

तो हसला की काय झालं, तिला कळेना. मग नाक ओढल्यासारखा आवाज आला. "शनिवारी सुट्टी मिळते का बघतो."

"बघतो नाही. येतो म्हणा."

मागून त्याला कुणी तरी जोरात हाक मारली. तो जागचा हलला नाही. "येतो," म्हणाला, आणि लाइन गेली.

"वहिनीजी," जरा वेळानं नाना म्हणाला, "लाइन तर कटली."

"माहीत आहे भिया," शालिनी म्हणाली, आणि रिसीव्हर कानाशी धरून तशीच उभी राहिली.